चवीपुरतं म्हणजे किती

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजही दोन चमचे खाऊन ह्यांनी वाटी खाली ठेवली. विचारलं, कसं झालंय? म्हणाले, "छान." त्या तापात ह्यांची चव गेली, वासही गेला, तेव्हापासून सगळंच छान. कागद उकळून दिला तरी छान! आणि दोन चमच्यांपुढे काही उतरत नाही. आधी हाच माणूस नाकाने कांदे सोलायचा. चहात साखर जरा जास्त पडली की शेजाऱ्यांनासुद्धा कळायचं. तेव्हा मी वैतागायची. डॉक्टर म्हणाले, चव येईलही, नाहीही – पण पोटात अन्न गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

मंगळवार, ४
सुनेने मोबाइलवर लाल भोपळ्याचं सूप काढून दिलं. "आई, खाली लोकांनी लिहिलेलं असतं ते वाचा. सगळं कळतं." माझी शाळा तिसरीपर्यंतची. जोडाक्षर आलं की मी थांबते, चढावर बैल थांबतो तशी. तरी दुपारभर वाचलं. एका बाईने लिहिलंय, "अजून केलं नाही, पण अप्रतिम." पाच चांदण्या. दुसरी म्हणते, "भोपळा नव्हता म्हणून गाजर घेतलं, सूप कोणाला आवडत नाही म्हणून परतून भाजी केली. भोपळ्याची चव आली नाही." एकच चांदणी. घोडं मिळालं नाही म्हणून म्हैस आणली, आणि म्हणे पळत नाही! एका माणसाने स्वतःच्या गुडघ्याचं लिहिलंय. ते मात्र सगळं वाचलं, माझाही डावा तसाच धरतो.

बुधवार, ५
पाककृतीत लिहिलंय, मीठ चवीपुरतं. आता ज्याला चवच नाही, त्याला चवीपुरतं म्हणजे किती? तेच खाली लिहून विचारलं. एकेक अक्षर शोधेपर्यंत अख्खी पालेभाजी निवडून झाली असती.

गुरुवार, ६
उत्तरं आली. हसरी तोंडं. "आजी किती गोड!" एकीने फुलं पाठवली. एकाला भोपळा चिरायची सुरी कुठे मिळते ते हवंय. मीठ कोणी सांगितलं नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात, ह्या लिहिणाऱ्यांच्या बोटांनाही नसावं.
सून म्हणाली, "अहो आई, लोक आपले सहज लिहितात."
सहज. इथे ह्यांचं मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकत चाललंय.

शनिवार, ८
नळीचं ठरलं. सोमवारी सकाळी न्यायचं. हे नुसतं "बरं" म्हणाले. मी रडायला न्हाणीघरात गेले, आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडला. मग वाटलं, पाणी फुकट जातंय. बंद केला. मग रडूही येईना.

रविवार, ९
सूप गॅसवर ठेवून पुन्हा मोबाइल घेऊन बसले. म्हटलं, एखाद्या देवमाणसाने काही लिहिलं असेल. तर दोघेजण भांडत होते – भोपळा सालासकट घ्यायचा की सोलून. मीही कुठल्या बाजूने बोलावं ह्या विचारात पडले आणि इकडे सूप बुडाला लागलं. घरात दुसरा भोपळा नाही, अंगात त्राण नाही. वरवरचं काढून तेच दिलं. ह्यांना काय कळणार आहे.

रविवारच, जेवणानंतर
ह्यांनी नाक मुरडून वाटी माझ्याकडे सरकवली. "करपवलंस ना?"
मी म्हटलं, परत एकदा म्हणा.