कचऱ्याच्या डब्यातली आई

३ फेब्रुवारी, सोमवार

कॉम्प्युटर आज अगदी रडत होता. राहनाळच्या गोदामाच्या मालाची चलनं मात्र आजच द्यायची! पडद्यावरचा कचऱ्याचा डबा गच्च भरलेला. मला भरलेला डबा बघवत नाही — ओट्याखालचा असो की पडद्यावरचा. आत न बघताच रिकामा केला. ‘कायमचं जाईल, चालेल?’ असं विचारलं त्याने. चालेल म्हटलं. मोकळं वाटलं.

५ फेब्रुवारी

बाबा भजनाला गेलेले, आम्ही नवरा-बायको दोघंच जेवत होतो. भाचीच्या, मनालीच्या हळदीचा विषय निघाला. सासूबाई म्हणजे अंजूरची धवलारीण. त्यांच्या धवल्यांशिवाय, लग्नातल्या त्या गाण्यांशिवाय, गावात लग्न लागत नसे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. धनेश म्हणाला, हळदीला आईचंच रेकॉर्डिंग लावू.

मग हसत सांगू लागला — बाबा ते कुठे ठेवतात माहितीय? कचऱ्याच्या डब्यात! तिथे कोण हात घालणार, म्हणून. डब्यातली फाइल वाजत नाही, तर रोज दुपारी बाहेर काढतात, ऐकतात आणि परत टाकतात. मलाही रविवारीच कळलं, म्हणाला.

मी ताटं उचलली. सोमवारी डबा मीच रिकामा केला, हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

६ फेब्रुवारी

कल्याण नाक्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, डबा रिकामा केला तरी फाइल लगेच पुसली जात नाही, नुसती जागा मोकळी धरतात. वर दुसरं काही बसलं की मग गेली.

“मॅडम, उसके बाद काम किया क्या उसपे?”

केलं ना! रोज केलं. त्याने दुकानातूनच आमच्या कॉम्प्युटरला जोडून शोधलं. फाइलची नावं सापडली, आत आवाज नाही. आईंच्या आवाजावर मी पुठ्ठ्याच्या खोक्यांची चलनं लिहिली. लाज वाटते स्वतःची.

७ फेब्रुवारी

बाबा आजही दुपारी कॉम्प्युटरपुढे. कानाला हेडफोन, डोळे मिटलेले. म्हणजे आणखी कुठे ठेवलंय का त्यांनी? देवा, असू दे! धनेश जेवायला आला आणि पेनड्राइव्हवर घेतो म्हणाला. बाबांनी हातानेच ‘मग बघू’ केलं.

विचारायचं धाडस झालं नाही. चहा ठेवला आणि सटकले. चोराच्या मनात चांदणं.

८ फेब्रुवारी

आजही तेच. आजही नाही विचारलं.

९ फेब्रुवारी

धनेश जेवून गेल्यावर विचारलंच. काय ऐकताय, बाबा?

त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले. कानाला लावले. काहीच नव्हतं.

“सोमवारी डबा रिकामा दिसला, तवाच समजला मना. मी असा बसलेला दिसलो का धनेश काय विचारत न्हाय. तुला बोलंल ना तो उगाच.”