फुकटचा पोपट

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजींना उगाच खालीवर पळवू नकोस (गुडघ्याच्या नावाखाली तू त्यांना पळवतेस, हे आम्हाला इथवर कळतं). आमच्याकडे सगळे बरे आहेत. म्हणजे माणसं बरी आहेत.

नातीसाठी पक्षी विकत घ्यावा की कुणाचा आयता सांभाळायला आणावा, असं तू विचारलंस. तर ऐक. आमच्या चिमीला पोपट हवा होता म्हणून मी दुकानात गेलो. बोलणाऱ्या करड्या पोपटाची किंमत ऐकल्यावर मला वाटलं, चुकून दुकानाचीच सांगितली. तेवढ्यात आमच्या ऑफिसातल्या कॅशिअरने बातमी आणली, की एक म्हातारे घड्याळजी आपला तसलाच पोपट देऊन टाकताहेत, तोही फुकट. फुकट म्हटल्यावर मी कसा धावतो ते तू जाणतेस. घड्याळजी एकटेच राहतात. पिंजरा माझ्या हाती देऊन "नीट सांभाळा" एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवली. मला वाटलं, ब्याद टळली म्हणून खूश असतील.

पिंजऱ्याचं दार पोपटाने आठवड्याच्या आत तोडलं. नवा आणला तो इतका मोठा, की फ्रिज बाहेरच्या खोलीत आला. मग खास दाणे, रोजची फळं, दोन खुर्च्यांचे हात आणि रिमोटची सगळी बटणं. (एकूण बेरीज इथे लिहीत नाही, पत्र टाकायला बायको जाणार आहे.)

आणि मग तो खोकायला लागला. साधं नव्हे, छातीत घरघर होऊन शेवटी दम लागावा तसं. पक्षी आजार लपवतात आणि एकदम मान टाकतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. पिंजऱ्यावर बायकोची शाल टाकून तो पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी एक्सरे काढला, पिसं फुंकून पाहिली आणि म्हणाले, "पक्षी ठणठणीत आहे. हा नुसती नक्कल करतोय. घरात खोकतं कोण?"

आमच्या घरात कुणीच खोकत नाही, ताई. हे मला दवाखान्याचा जिना उतरताना उमगलं. तसाच पिंजऱ्यासकट टॅक्सीने घड्याळजींकडे गेलो. कितीतरी वेळाने दार उघडलं. चौकट धरून उभे होते. मला पाहताच म्हणाले, "दिलेला पक्षी मी परत घेत नाही." आणि एवढ्या बोलण्यानेच त्यांना खोकल्याची उबळ आली. पिंजऱ्यातून तस्साच जबाब आला. त्यावर ते मटकन खुर्चीत बसले.

हळूहळू कळलं ते असं. त्यांना हॉस्पिटलात भरती व्हायचं होतं, म्हणून पोपटाची सोय लावली. सोय लागली, पण एकट्याने जायचा धीर होईना. घरी परत आलोच नाही तर, म्हणून रोज उद्यावर ढकलत होते. मी म्हटलं, चला, मी येतो. त्यांच्या छातीत पाणी झालं होतं. ते काढेपर्यंत बाहेरच्या बाकावर मी बसून होतो, आणि कुणी विचारलं तर पुतण्या म्हणून सांगत होतो. आता ते बरे आहेत. संध्याकाळी आमचे दोन जिने चढून पोपटाला भेटायला येतात.

तेव्हा माझा सल्ला, तू विकतच घे. दुकानदार पैसे घेऊन मोकळा करतो. फुकटच्या पक्ष्यामागून त्याचं माणूसही घरात येतं.

भाऊजींना नमस्कार, नातीला पापा.

तुझा
धाकटा

ता. क. घड्याळजी तोंडाने काही मागत नाहीत, पण काल त्यांनी आमचा पिंजरा त्यांच्या दारातून जाईल का, ते हाताने मोजून पाहिलं. पोपट परत द्यायला हवा. चिमीला सांगायचं कसं? तुझं ती ऐकते. रविवारी येऊन तेवढी समजूत घाल.

पुन्हा ता. क. बायकोने पत्र वाचलं. ती म्हणते, चिमी कधीच तयार झाली आहे, दाण्यांची पिशवीसुद्धा तिनेच बांधून ठेवली. समजूत माझी घालायची आहे. तरी रविवारी येच.