कोरड्या नाल्याचा फोटो

नागसेन,

सकाळी सहाला रोपवाटिकेत गेले. अळीने सागाच्या रोपांची चाळणी केली आहे. मी आईजवळ दवाखान्यात असताना तू माझ्याऐवजी वनसमितीच्या ग्रुपवर अळीचे पतंग धरायच्या सापळ्याचा फोटो टाकलास, खाली लिहिलंस, ‘अळी नाई, बिनधास्त राहा.’ त्या भरवशावर बाया धानाच्या रोवणीला गेल्या आणि निंबोळी अर्क फवारलाच नाही.

तुझ्या फोटोत मागचा नाला कोरडा आहे. तो पंधरवड्यापासून भरून वाहतो आहे. तू जुनाच फोटो टाकलास.

बांधावर रोपवाटिकेतल्या बायनाबाई भेटल्या. "तुयावर भरोसा होता वं रोशनी," एवढंच बोलल्या. सापळ्याची नोंद माझ्या नावावर असते, म्हणून समितीपुढे मी जाते आहे. आईचा डबा तू पोचव.

फोटो अजून ग्रुपवर आहे. नाल्याकडे अजून कोणाचं लक्ष गेलेलं नाही.

ताई