बेहडा पाडायचा नाही

आंबेखोल, ता. दोडामार्ग
१८ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

इथे फोन लागत नाही, म्हणून पत्र. आपल्या सामाईक जंगलातल्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत महाधनेशाची मादी बसली आहे. तिने आतून तोंड लिंपून घेतलंय; चोच मावेल एवढीच फट. आत तिची पिसं गळतात, मे महिन्यापर्यंत तिला उडता येणार नाही. नर उंबरं आणून भरवतो. एवढी ढोल जुन्याच झाडाला असते, आणि तशी झाडं आता फार थोडी उरलीत.

जयवंतकाका जंगल तोडून रबर लावणार आहेत. बेहड्यावर तांबडी खूणही झाली. तो पडला तर मादी आणि पिल्लं आतच मरतील. तुमची संमती येतेच आहे, असं काका म्हणतात. बाबा, सही करू नका.

आशीर्वाद असावा, तंटा मोठा आहे.
आपली,
मोहना

नागरवाडा, बडोदे
२६ फेब्रुवारी

चि. मोहनास अनेक आशीर्वाद.

खरं सांगतो, सही झाली होती. पाकीट टाकायला रावपुऱ्याच्या पोस्टात निघालो आणि दारातच तुझं पत्र मिळालं. जयवंतदादाने पाठवलेल्या कागदावर आजवर न वाचता सही करत आलो. हा वाचला आणि फाडला. मग त्याच्या दोडामार्गच्या घरी फोन केला. एका पाखरासाठी भावाशी वैर घेणार का, असं त्याने विचारलं. घेणार, म्हटलं. सत्तरीत पहिल्यांदा त्याला उलट बोललो. गणपतीला येऊ नकोस, म्हणाला. बरं, बडोद्यातही गणपती बसतात.

तुझ्या आईला त्या नराचं भारी कौतुक. आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत सयाजीगंजातून सेव-उसळसुद्धा आपणहून आणली नाही, असं शेजारच्या चंद्रिकाबेनना सांगत बसली होती.

लेखी नकार सोबत पाठवतो. मागे हटू नकोस. जिवाला जप.
तुझे,
बाबा

आंबेखोल
१९ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मार्चात दोडामार्गाहून फोन केला तेव्हा सगळं सांगितलं नाही, आई घाबरली असती. तुमचं पाकीट पोचण्याच्या आदल्या दिवशीच करवतवाले आले. वरच्या अंगाची सतरा झाडं पाडली, त्यात तीन उंबर गेले. ते बेहड्याकडे वळले तेव्हा मी आणि गावातल्या दुर्गामावशी बुंध्याला पाठ लावून बसलो. अंधार पडेपर्यंत उठलो नाही. दुसऱ्या दिवशी तुमचा नकार दाखवला, तेव्हा काम थांबलं.

पण नर दोन दिवस फिरकला नाही. मी रडले. तिसऱ्या दिवशी आला. उंबरांसाठी त्याला पलीकडच्या खोऱ्यात जावं लागत होतं, तरी येत राहिला. मादी आधीच बाहेर आली होती; आज सकाळी पिल्लू बाहेर पडलं, धडपडत समोरच्या फांदीवर जाऊन बसलं.

काल काका आले होते. पुढच्या मोसमात बघतो, म्हणाले. बघा, म्हटलं, आम्ही तुमच्या आधी येऊन बसलेल्या असू.

लोभ आहेच, आता आईला घेऊन या. चढ दमवणारा आहे, पण झाड उभं आहे.
आपली,
मोहना