तिसरा हॉप

ऑगस्ट १, सोमवार
नाही म्हणजे नाही! काल मिस्सा संपल्यावर फादर दोयोंनी मला दारातच गाठलं. "मिसेस तुर्कोत, येत्या सव्वीसला तुमचे मिस्टर नाहीसे होऊन वर्ष होईल. मृतांच्या मिस्सेत अल्सीदचं नाव घेऊ या का? तुम्हालाच शांत वाटेल." मी म्हटलं, फादर, ज्याला मेलेला कुणी पाहिला नाही त्याचं नाव मेलेल्यांत मी घालणार नाही. 

ह्यांची गाडी कालव्याच्या पुलाशी सापडली, किल्ली आत. शेरीफच्या माणसांनी कालवा गळ टाकून चार दिवस धुंडाळला. काही नाही. गावात कुणी म्हणतं वाहून गेले. कुणी म्हणतं क्वेबेकला पळाले. एकोणचाळीस वर्षं ज्यांनी मोजे कुठे ठेवलेत ते मला विचारलं, ते क्वेबेकला काय पळतील!

आज फ्रीजरमधून ह्यांच्या हॉप्सचे डबे काढले, बिअरला कडूपणा आणि वास देणारी ती वाळलेली बोंडं. बिअर करणार आहे. ह्यांचीच, कापणीची. कढईला उकळी आली की हे कुठेही असोत, हॉप्सच्या मांडवात, वाळवणाच्या भट्टीवर, ओव्हिला भाऊजींच्या गॅरेजात, वासावर घरी यायचे. वेडेपणा आहे. पण संत अंतोनीची नऊ दिवसांची प्रार्थना, नवेनाही करतेच आहे. हरवलेलं शोधायला दोन्ही चालतील.

ऑगस्ट ३, बुधवार
वही काढली. प्रत्येक बिअरची नोंद माझ्याच अक्षरात. हे तोलून सांगायचे, मी लिहायची. मी स्वतः थेंब घेत नाही, सोळाव्या वर्षी वेदीपुढे शपथ घेतलेली. पण नाक माझं ह्यांच्यापेक्षा तेज, हे हेच म्हणायचे.

कापणीची बिअर: चिनूक पाऊण औंस, पूर्ण तास. कोलंबस एक औंस, शेवटची दहा मिनिटं. ति. — दोन औंस, गॅस बंद केल्यावर.

चिनूक, कोलंबस हे दोन हॉप. ति. म्हणजे तिसरा. नाव कधी सांगितलं नाही! कागदी पिशवीतून आणायचे, मला पाठमोरे होऊन टाकायचे. विचारलं की हसायचे. "बाजारात नाही तो. एक दिवस तुझ्या खिडकीशी लावून देतो, मग नाव तूच ठेव."

डब्यांत तिसरा नाही. मागच्या वर्षी आणायचा राहिला.

ऑगस्ट ६, शनिवार
अंदाजानं तिसरा शोधायचा. दुकानातल्या सगळ्यांत स्वस्त, बेचव बिअरच्या सहा बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत चिनूक, कोलंबस आणि तिसरा म्हणून एकेक वेगळ्या जातीचं बोंड. झाकणं लावून तळघरात ठेवल्या. तीन दिवस.

आधी हातावर चोळून पाहिलं, लहानपणी शेतात शिकवलं होतं तसं. एका तळव्यावर चिनूक: देवदाराचा चीक, पपनसाची साल. दुसऱ्यावर कोलंबस: मिरी, आणि मागून कांदा. दोन्ही तळवे जुळवले — शिंक आली.

हे म्हणायचे, "दोन भांडखोर पाहुणे शेजारी बसवू नयेत. मध्ये तिसरा हवा. पण तो गरीब नको. गरीब असला की दोघे मिळून त्यालाच खातात."

ऑगस्ट ७, रविवार
फादरनी पुन्हा पाहिलं माझ्याकडे. मी मेणबत्त्यांकडे पाहिलं.

ऑगस्ट ९, मंगळवार
बाटल्या उघडल्या. प्यायला धाकटे दीर ओव्हिला भाऊजी आणि जाऊ रेजान. मी नुसती हुंगायला.

पहिली: तिसरा कॅस्केड. फुलासारखा चांगला, पण दोघांनी गिळलाच त्याला. दुसरी, तिसरी तसंच. चौथीला रेजाननं तोंड वाकडं केलं. "वहिनी, ही बिअर आहे की कांद्याचा ट्रक उलटलाय?"

"तुला काय कळतंय," भाऊजी म्हणाले, "तू लग्नात सुद्धा सफरचंदाचा रस प्यायलीस."

"म्हणून तर तुमच्याशी लग्न झालं. प्यायले असते तर डोळे उघडले असते!"

हसलो तिघं. वर्षात पहिल्यांदा हसले ह्या स्वयंपाकघरात. मग भाऊजी सहावी बाटली खाली ठेवून म्हणाले, "दादाची ही नव्हे. दादाच्या बिअरला शेवटी थंड लागायचं. बर्फाचं नव्हे. दगड चाटल्यासारखं."

मलाही तोच वास आठवला. लिहायला शब्द नव्हता, एवढंच.

ऑगस्ट १०, बुधवार
भट्टीवरचा ह्यांचा जुना कोट. वर्षभर हात लावला नव्हता. आज उन्हात टाकायला काढला. डाव्या खिशात तीन वाळलेली बोंडं!

चोळली. जर्दाळू, अगदी पिकून फुटलेला. विझवलेल्या मेणबत्तीचा धूर. आणि तळाशी गार दगड.

दोन्ही तळव्यांवर चिनूक, कोलंबस घेऊन मध्ये हे चोळलं. भांडण थांबलं. जसं कुणी खोलीत आलं आणि सगळे वळून पाहू लागले.

हात धुतले नाहीत. तसेच उशाखाली घेऊन निजले.

ऑगस्ट १५, सोमवार
मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण. मिस्सेहून येऊन जर्दाळूच्या बरण्या धूत होते. वारा डोंगराकडून. खिडकीतून तोच वास आला, आणि तो बरण्यांचा नव्हता. धूर आणि दगडही होते त्यात.

ऑगस्ट १७, बुधवार
वारा पुन्हा तसाच सुटला. एप्रन काढायचंही सुचलं नाही. नाकामागे चालत गेले. कालव्याचा पूल ओलांडला, ह्यांची गाडी होती त्या जागेवरून. पुढे सासऱ्यांची पहिली जमीन. माझ्या लग्नाआधीच सोडलेली. मी तिकडे कधी गेले नव्हते.

गवत छातीएवढं. मध्ये काळे दगड, त्यावर फळ्या, फटी-फटीच्या. सासऱ्यांची जुनी भट्टी जळाल्याचं ऐकून होते, ती हीच, ओळखलं मी. भट्टीची जमीन अशीच फटींची असते. वर पोत्यावर हॉप्स पसरायचे, खालून गरम हवा. एक फळी मोडलेली, त्या भोकातून वेल वर आलाय आणि शेजारच्या कुंपणाच्या खांबावर चढलाय. बोंडांनी लगडलेला. हाच! फळीवर गुडघे टेकले आणि एप्रनभर तोडली.

दोन गोष्टी लिहून ठेवते.

एक: फटींतून हवा येत होती. गार. ऑगस्टच्या उन्हात माझे गुडघे बधिर झाले.

दोन: वेल उलटा चढलाय. चौदा वसंत मी दोरीला वेल लावायचं काम केलं. हॉप्सचा वेल सूर्याच्या मागे फिरतो, डावीकडून उजवीकडे. चुकून उलटा गुंडाळला तर सकाळपर्यंत स्वतःच सुटून जमिनीवर पडलेला असतो. सगळ्या जगात असंच. हा उलटा चढलाय आणि घट्ट आहे.

हे डावखुरे. लहानपणी ह्यांनी लावलेली अख्खी रांग सकाळी जमिनीवर लोळत असायची. मार खायचे. म्हणून तर सासऱ्यांनी ह्यांना मांडवातून काढून भट्टीवर लावलं.

ऑगस्ट १८, गुरुवार
फोनवर भाऊजींना फक्त वेलाचं सांगितलं. जागा सांगितली नाही — ह्यांचं गुपित, आधी बिअर होऊ दे. "उलटा? वहिनी, उन्हात टोपी घालत जा." मग म्हणाले, "लाखात एखादा निघत असेल तसा."

असेल.

ऑगस्ट २०, शनिवार
पुन्हा गेले. ओली बोंडं वाळलेल्यांच्या पाचपट लागतात, दोन औंसांच्या जागी दहा. बुधवारी खुडलेल्या ठिकाणी शेंडा हातभर वाढलाय. या दिवसांत वेल वाढत नाही, बोंडं भरतात. वाढलाय. उलटाच.

बिअर केली. सातूचा काढा उकळला, चिनूक, कोलंबस, मग गॅस बंद करून तिसरा. झाकण ठेवलं. मागच्या दारी कढईची वाफ गेली तशी मी दाराकडे तोंड करून बसले. साडेचार वाजेपर्यंत.

कुणी आलं नाही. काढा गार करून बुधल्यात ओतला, खमीर घातलं.

ऑगस्ट २१, रविवार
बुधला स्वयंपाकघरात, माझ्या खुर्चीशेजारी. सकाळपासून शांत. दुपारी जपमाळ घेतली. "नमो मरिये" म्हटलं — बुधल्याच्या झाकणातल्या नळीतून बुडबुडा. थांबले. थांबला. पुन्हा म्हटलं. पुन्हा.

दहा-दहा मण्यांची पाचही दशकं तसंच. शेवटी मी घाईघाईनं क्रूसाची खूण केली, आणि बुधल्याला टॉवेल गुंडाळून तळघरात नेऊन ठेवला. माणसाला पाठवावं तसं वाटलं. जिना चढताना मागून बुडबुडा ऐकला.

ऑगस्ट २३, मंगळवार
भाऊजी भोपळे द्यायला आले. दारातच नाक वर. "वहिनी! दादाची! कुठं मिळाला तिसरा?"

आता सांगायला हरकत नव्हती. "मामंजींच्या जुन्या जागेवर. जळक्या भट्टीच्या फळ्यांतून आलाय."

"भट्टी रस्त्याच्या कडेला होती. तिचा एक दगड शिल्लक नाही. तुम्ही कुठल्या फळ्या म्हणताय?"

मी सांगितलं. काळे दगड, गोल. फटी. कुंपणाचा खांब. गार हवा.

भाऊजींच्या हातातला भोपळा खाली ठेवायचा राहिला. "फटी भट्टीला असतात, वहिनी. पण तिथं बाबांची विहीर होती. मी समजत होतो बुजवली म्हणून." मग अगदी हळू, "एक फळी मोडलीय म्हणालात?"

मी दोनदा गुडघे टेकले होते त्या फळ्यांवर. देवा! दोनदा.

ऑगस्ट २४, बुधवार
दहा वाजता शेरीफच्या माणसांनी फळ्या काढल्या. मला गाडीत बसवून ठेवलं होतं, रेजाननं हात धरून. विहीर पंचवीस फूट खोल. पाणी नव्हतंच, ओल होती.

भाऊजी आले, गुडघ्यांवर माती. "दादाच आहे, वहिनी. पडल्या पडल्या गेला असेल, मान... वेळ लागला नसेल." शपथ घेऊन सांगा म्हटलं. घेतली. विश्वास ठेवते.

मग म्हणाले, "वर मूळच नाही वेलाला. दादानं ते आधीच खणून काढलं होतं. ऑगस्टात मूळ कुणी खणतं का? वेल खालून आलाय. त्याच्या डाव्या मुठीतून."

खिशातून रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला. शेरीफच्या माणसांना दाखवला नव्हता. आत वीतभर मूळ, पांढरे कोंब असलेलं. जिवंत.

माझ्या खिडकीशी लावायला आणत होते. वसंतापर्यंत दम नव्हता.

ऑगस्ट २६, शुक्रवार
फादरना नाव दिलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. मी उभी राहिले.

सप्टेंबर १८, रविवार
ह्यांच्या दफनानंतरचं जेवण आज. बिअर उघडली.  भाऊजींनी दुसरा पेला घेतला नाही, पहिला मात्र उलटा करून शेवटचा थेंबही तळव्यावर घेतला, चोळला, हुंगला. रेजान सुद्धा प्यायली.

मुळाचे दोन तुकडे केले. एक भाऊजींना. एक खिडकीशी.

एप्रिल २९, १९९५, शनिवार
भाऊजींच्या अंगणातला तुकडा सूर्याच्या मागे चढतोय, सगळ्या जगासारखा. रोज जाऊन पाहते. माझ्या खिडकीशी काल संध्याकाळी मी स्वतः वेल दोरीला लावला, नीट, सूर्याच्या दिशेनं, तीन वेढे. सकाळी ते सुटलेले होते. दोरीवर सात वेढे, उलटे, घट्ट, माझ्या उंचीपर्यंत.

मी कॉफीचे दोन कप ठेवले.