ऑर्डरशिवाय बदली

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.१०
नाश्त्याला ईश्वरीने जाहीर केलं, ती घर सोडतेय. सोळा तारखेला. ऑफिसमधल्या स्वराली नावाच्या नाशिकच्या मुलीबरोबर मोहालीत फ्लॅट घेतलाय. मोहाली! इथून, सेक्टर ३८ मधून, अकरा किलोमीटर. मी शांतपणे कारण विचारलं. तर म्हणे, पापा, बस, ऐसे ही.
ऐसे ही! आर्मीच्या अठ्ठावीस वर्षांत मी चौदा घरं सोडली. एकही ऐसे ही सोडलं नाही. प्रत्येक वेळी वरून ऑर्डर होती.
टोस्ट अर्धा टाकून उठलो. रागावलो नाही. पोट भरलं होतं.

४ नोव्हेंबर. संध्याकाळ
नीट विचार केला. मला आनंदच आहे. मुलगी सव्वीस वर्षांची झाली, कमावते, जाऊ दे. तिच्या खोलीत टेबल टाकून सर्व्हिसच्या आठवणी लिहायला घेणार. बायकोला सांगितलं. नीला म्हणाली, मग चिडताय कशाला?
चिडलोय कुठे? हे इतक्या मोठ्यांदा सांगावं लागलं की खालचे ढिल्लों साहेब बाल्कनीत आले.

६ नोव्हेंबर
प्लॅन तयार. बदलीवर निघालेल्या ऑफिसरला मेस, लायब्ररी, स्टोअर, सगळीकडून सही आणावी लागते, की याने सगळं परत केलं. त्याला क्लिअरन्स म्हणतात. शेवटची सही सीओची, म्हणजे कमांडिंग ऑफिसरची. ती नाही, तर युनिट सोडता येत नाही.
ईश्वरीसाठी फॉर्म टाइप केला. किचन : नीला. पुस्तकं आणि चाव्या : नीला. शेजार : ढिल्लों साहेब. सीओ : मी.
आणि मी सही करणार नाही. बस. पक्का बंदोबस्त.

८ नोव्हेंबर
फॉर्म बघून ईश्वरी खूश! फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. शिस्तीचा पोरखेळ केलाय. नीलाने दोन मिनिटांत सह्या ठोकल्या, एक डबा मोजला नाही. ढिल्लों साहेबांनी सही केली आणि वर प्रेशर कुकर भेट दिला. सगळे फितूर.

११ नोव्हेंबर, मंगळवार
फॉर्म सहीला आला. परत पाठवला. जाण्याचं कारण हा रकाना रिकामा होता. तिने लिहून आणलं, क्योंकि मैं छब्बीस की हूँ. मी लाल पेनने शेरा मारला : कारण असमाधानकारक. तीन प्रतींत सादर करावे.
तिने तीन प्रती आणल्या. माझी पाठ दुखत असल्यामुळे मला झोपावं लागलं.

१३ नोव्हेंबर
पुठ्ठ्याचे खोके! लष्करी ऑफिसरची मुलगी पुठ्ठ्याच्या खोक्यांत सामान भरते! माळ्यावरून काळी ट्रंक काढली, पुसली, पांढऱ्या रंगाने नाव घातलं, नंबर टाकला, सामानाची यादी झाकणाला आतून चिकटवली. स्वेटर मीच भरले, डांबराच्या गोळ्या घालून. नीलाने विचारलं, तुमचा विरोध आहे की मदत? विरोधच आहे. पण चुकीचं पॅकिंग मला बघवत नाही.
ईश्वरी ट्रंकेकडे बघून म्हणाली, पापा, यार. डोळे पुसत होती. डांबराच्या गोळ्या झोंबल्या असणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार
उद्या मी पिंजौरच्या बागेत. सकाळी सातला निघणार. सीओ जागेवर नाही म्हणजे सही नाही, म्हणजे जाणं नाही. ती फोन करेल, विनवेल. मी संध्याकाळी परत येऊन अटी घालेन. निदान मार्चपर्यंत थांब.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२.२०, पिंजौर
बागेत बाकावर बसलोय. फोन आला नाही. नेटवर्क तपासलं, उत्तम आहे. गीझर बंद केला का, एवढंच विचारायला नीलाला फोन लावला. वेळ नाही, टेम्पो आलाय, म्हणाली आणि ठेवला.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
खोली रिकामी. जेवणाच्या टेबलावर फॉर्म. माझ्या रकान्यात नीलाची सही, खाली लिहिलंय : सीओ रजेवर, करिता ऑफिशिएटिंग. नियम बरोबर आहे. सीओ नसेल तर दुसरा सही करतो. लग्नानंतर मीच तिला शिकवलं होतं.
ईश्वरी दीड वाजेपर्यंत थांबली म्हणे. दोनदा गेटपर्यंत जाऊन आली. मी ओरडलो, मला बोलावलं का नाही? नीला म्हणाली, ती नको म्हणाली. आना होगा तो आ जाएँगे, असं म्हणाली.
चूक नीलाची आहे. आईला एवढं कळायला हवं.

१९ नोव्हेंबर
टेबल लावलं. खुर्ची लावली. आठवणींचं पहिलं वाक्य सुचलं नाही. खोलीत खोकलं तरी घुमतं. पडदे नीलाने तिला देऊन टाकले. पडद्यांशिवाय माणूस लिहिणार कसा? उठलो.

२२ नोव्हेंबर
ईश्वरीचा आईला व्हिडिओ कॉल. मी दाराआड योगायोगाने उभा. पापा कैसे हैं, असं विचारलं. नीला म्हणाली, चिडलेत. दोघी हसल्या. यात हसण्यासारखं काय आहे?
ठराव : मोहालीला सरप्राइज इन्स्पेक्शन. न कळवता. गॅस, कड्या, गीझर, सगळं बघणार आणि जे बोलायचं ते एकदाचं बोलणार.

२६ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ७
गेलो. सोसायटीच्या गेटवर गार्डने मोबाइल काढला. कुणाकडे? सहाशे चार. कोण आपण? फादर. तो म्हणाला, अंकल जी, इसमें फादर नहीं है. मोबाइलच्या ॲपमध्ये डिलिव्हरी, कॅब आणि गेस्ट, एवढंच होतं. त्याने गेस्ट दाबलं. मॅडमची परवानगी आली की सोडतो म्हणाला. मी रँक सांगितली. जी सर, म्हणून त्याने प्लॅस्टिकची खुर्ची दिली.
पंचवीस मिनिटं बसलो. पिझ्झा आत गेला, किराणा आत गेला. तिला फोन लावता आला असता. लावला नाही. ती नाही म्हणाली तर, अशी भीती वाटत होती. बोलायचं ठरवून नेलेलं एकही वाक्य आठवेना.
मग परवानगी आली. मीटिंगमध्ये होती, फोन सायलेंटवर. उठलो, तर गार्ड म्हणाला, कितनी देर रुकेंगे, वो भी डालना पड़ता है. मी म्हणालो, मॅडमना विचारा. तो म्हणाला, नहीं जी, गेस्ट से ही पूछना होता है.
दहा मिनिटं, म्हणालो.