मनीसाठी परसातली माती

समीक्षा,

मी शिरगावला चाललोय, जेवायच्या आत येतो. मनी पहाटं परत तुज्या नव्या गादीवर मुतली. चादर भिजत घातलीय. गादीला फिनेल लावू नको, त्या वासानं ती पुन्ना तितंच जाती.

"आबा, तिला गावाला सोडून या," असं तू काल म्हणालीस. तुजंबी खरंय. पण घर इकलं, आता तितं तिला दूध कोण घालणार?

डॉक्टर म्हणले, आजार न्हाई, जागा बदलली म्हणून बावरलीय. म्हणून आपल्या परसातली पोतंभर माती आणतो. नव्या मालकाला इचारलंय. तुजी सासू चुलीची राख टाकायची, तितंच मनी जायची आन पायानं माती ओढून झाकायची. ते बघून सासू मला म्हणायची, "तुमच्यापरीस हिला वळण हाय." लय हसायची.

मनी पलंगाखाली बसलीय, तिला वरडू नको. माती टबात घालून बाल्कनीत ठेवू. आठवडाभर बघू, न्हाईच जमलं तर तू म्हणशील तसं.

थोडी माती उरली तर एक कुंडी भरून माज्या खिडकीत ठेवीन म्हणतो. चालंल न्हवं?

आबा